निवृत्तीनानांचा पहिला खांब

४ डिसेंबर १९९६, बुधवार. ठिकाण: कळमदऱ्याची कोठी. हजर: पाटणकर साहेब, मी, निवृत्ती मिस्त्री, त्यांच्या हाताखालचे चार सुतार, सोमा चौकीदार. गैरहजर: कंत्राटदार. सामान: टेकू, दोरखंड, पत्र्याच्या चिठ्ठ्या बारा, नारळ एक.

ही माझ्या जुन्या वहीतली नोंद. मी याद्यांवर चालणारी बाई आहे. प्रत्येक कामापुढे एक चौकट काढायची आणि काम झाले की तिच्यात बरोबरची खूण करायची, हा माझा शाळेपासूनचा शिरस्ता. निवृत्तीनानांना त्याची मोठी मौज वाटे. "बाई, सकाळी दात घासायचं बी लिवत्या का वहीत?" असे त्यांनी ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारले. दौऱ्यावर असताना लिहिते, असे मी खरे ते सांगितले. ते इतके हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. टोपीतून पेन्सिल खाली पडली. नानांची पेन्सिल कानावर कधी नसे, टोपीच्या घडीत असे. कानाला ऐकायचे काम असते, तिथे सामान ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे.

कोठीबद्दल आधी सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय नाना सांगता येत नाहीत. नाशिकहून हरसूलकडे निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि त्या सुमाराला कळमदऱ्याचा फाटा लागतो. पेशवाईच्या अखेरीस कुणा सरदाराने उन्हाळ्यात राहायला ही कोठी बांधली. तिला वाडा म्हटलेले नानांना खपत नसे. "वाडा आत बघतो, चौकात. ही भाईर बघती." खरेच होते. तिला तट नाही, दिंडी नाही, बुरूज नाही. मागे काळ्या दगडाची आणि विटांची दुमजली इमारत, आणि तिच्या पुढ्यात, दक्षिणेला नदीकडे तोंड करून, तिन्ही बाजूंनी मोकळा सोपा. मधोमध हौद आणि त्याच्याभोवती चौकोनात बारा सागवानी खांब. कोणतीही बाजू मोजा, चार भरतात. खांब सुरूच्या झाडासारखे, खाली घेरदार, वर निमुळते, तळाशी कमळाच्या पाकळ्या. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाटाने जोत्याखालून येऊन हौदात पडायचे आणि तिथून बागेला जायचे. एप्रिलच्या दुपारी सोप्यात बसले तरी तळपायाला गारवा लागे. फाटकाशी निळा फलक होता: संरक्षित स्मारक, नुकसान केल्यास शिक्षा. सोमाच्या शेळ्या त्या फलकाच्या खांबाला अंग घासत. "फलकाचा येवढा तरी उपेग हाय," नाना म्हणत.

मी तेव्हा तिशीत होते. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या कार्यालयात मोजमापे घेणे, नकाशे काढणे आणि नोंदी ठेवणे हे माझे काम. सोप्याच्या खांबांचे पाय ओलीने कुजले होते. खांब उतरवायचे, कुजलेला भाग काढून नवे सागवान जोडायचे आणि प्रत्येक खांब होता तिथेच परत उभा करायचा, असे काम निघाले. संरक्षित वास्तूत एक खिळा जरी इकडचा तिकडे करायचा तरी वरून परवानगी लागते. तेव्हा 'होता तिथेच' यात तडजोड नव्हती.

नाना साठीचे. ठेंगणे, रुंद हातांचे, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेले. त्यांच्या वडिलांनी कोठीची दारे दुरुस्त केली होती, आजोबांनी माडीचा जिना. नाना रोज सायकलवर येत, सायकल आंब्याला टेकवत आणि हत्याराची पिशवी खाली ठेवण्याआधी सोप्याच्या ईशान्येच्या खांबावर तळहाताने एक थाप मारत. मग खांब उजव्या हाताला ठेवून पूर्ण सोप्याला एक फेरी. हे झाल्यावरच काम सुरू. चहा ते कधी सोप्यात प्यायचे नाहीत, पायऱ्यांवर बसून बशीतून प्यायचे. आणि मी त्यांना कधीही, कितीही दमलेले असले तरी, खांबाला टेकलेले पाहिले नाही.

माझ्या पोलादी टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. तो उन्हात वाढतो, असा त्यांचा आरोप. त्यांच्याकडे वडिलांचा लाकडी गज होता आणि तो वाढत नसे. एका सकाळी मी खांबांच्या उंच्या घेत होते. भिंतीकडचा खांब आणि नदीकडचा खांब यांत तीन बोटांचा फरक यायला लागला. मी तीनदा मोजले. चौथ्यांदा टेप झटकून मोजले.

"वाढला का?" नानांनी पायऱ्यांवरून विचारले.

"नाना, मला चिडवू नका. खांब सारखे दिसतात आणि मापं वेगळी येतात."

ते उठले, हौदातून तांब्याभर पाणी घेतले आणि भिंतीशी फरशीवर ओतले. पाणी सावकाश, जणू वाट माहीत असल्यासारखे, नदीच्या बाजूला निघाले.

"फरशी उताराची हाय, पानी जावं म्हनून. वरची तुळई सपाट. मंग खांब सारखे कसे ऱ्हातील? भितीकडचे बुटके, नदीकडचे उंच. सदरा बेतत्यात तसा परत्येक खांब आपल्या जागंवर बेतलाय. डोळ्याला सारखे दिसत्यात ही करनाराची हुशारी."

मी ते वहीत उतरवून घेतले. नाना म्हणाले, "लिवलं का? आता खूण करा चौकटीत." मी केली.

लाकडाच्या बाबतीत ते कुणाचे ऐकत नसत. कंत्राटदाराने पाठवलेले पहिले ओंडके त्यांनी हुंगले. मग एका टोकाला कान लावून बसले आणि सोमाला दुसऱ्या टोकावर दगडाने ठोकायला लावले. सोमा सुरगाण्याकडचा, कमी बोलणारा, पण नानांशी त्याचे जमे. तो ठोके देत राहिला आणि नाना डोळे मिटून मान हलवत राहिले, नकारार्थी.

कंत्राटदार वैतागला. "मिस्त्री, अस्सल सागवान आहे. पावती दाखवू का?"

"पावती खांबाखाली लावू का मंग?" नाना म्हणाले.

नवे लाकूड यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत नानांनी सोप्यातल्या सगळ्या पाकळ्यांमधली दोनशे वर्षांची धूळ बाभळीच्या काडीने काढली. लाकूड आल्यावर मात्र त्यांचे हात असे चालले की मी वही मिटून नुसती बघत बसे. जुन्या खांबाला नवा पाय जोडताना ते दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवत, थांबत, काढत, किंचित तासत, पुन्हा सरकवत. सांधा मिटला की हळूच म्हणत, "बसलं." मोठ्याने म्हणत नसत. मला फोटोसाठी सांधा दाखवायचा होता तर तो सापडेना. नखाने चाचपून पाहिले तरी लागेना. शेवटी नानांनीच पेन्सिलीने बाजूला रेघ ओढून दिली आणि फोटो निघताच धोतराच्या सोग्याने पुसून टाकली.

आता त्या बुधवारकडे येते. त्या दिवशीची माझी यादी अशी होती: नारळ फोडणे. खांबांना चिठ्ठ्या बांधणे. चिठ्ठ्या नकाशाशी ताडून पाहणे. टेकू देऊन खांब उतरवायला सुरुवात.

नारळ फुटला. मी एक ते बारा आकड्यांच्या पत्र्याच्या चिठ्ठ्यांचा जुडगा नानांच्या हातात दिला आणि साहेबांनी हाक मारली म्हणून माडीवर गेले. माडीवरच्या छताची मापे घेता घेता दुपार झाली. खाली आले तेव्हा बारा खांबांना बारा चिठ्ठ्या सुतळीने पक्क्या बांधलेल्या होत्या आणि पहिला टेकू लागत होता. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. तिसऱ्याही चौकटीत केली. नकाशा माडीवर राहिला होता, तो आणायला पुन्हा जिना चढायचा कंटाळा आला.

माझ्या नकाशात खांबांचे आकडे पुस्तकाच्या पानासारखे होते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, ओळीने उजवीकडे, मग खालची ओळ. आम्हाला तसेच शिकवलेले. नानांनी चिठ्ठ्या त्यांच्या रोजच्या फेरीने बांधल्या होत्या: ईशान्येच्या खांबाला एक, मग खांब उजव्या हाताला ठेवत गोल. दुसरी काही रीत असू शकते हे त्यांच्या मनातही आले नाही. माझ्याही आले नाही. नंतर मी कागदावर दोन्ही क्रम मांडून पाहिले. एकही आकडा जुळत नाही. बाराच्या बारा चुकीचे.

हे एप्रिलपर्यंत कुणाला कळले नाही. सगळ्या खांबांना नवे पाय बसले आणि उभारणीच्या तोंडावर नानांचा मोतीबिंदू इतका वाढला की त्यांच्या मुलीने त्यांना धरून नाशिकला दवाखान्यात नेले. कंत्राटदाराला पावसाळ्याची घाई होती. त्याने शहरातून माणसे आणली आणि माझा नकाशा व खांबांवरच्या चिठ्ठ्या बघून आठ दिवसांत बाराही खांब उभे केले. खांबांच्या माथ्यावर चारी अंगांना सारख्याच खाचा होत्या, त्यामुळे कुणाला अडले नाही. जो बुटका पडला त्याच्या खाली पाचर ठोकली. जो थोडाफार उंच पडला त्याच्याखालची बैठक खोल केली, जो फारच उंच पडला तो तासला. तुळया चढल्या. मी तिथे होते. मला सगळे सुरेख दिसत होते.

नाना आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, स्वतः सायकल चालवत नव्हे, तर सोमाच्या सायकलवर मागे बसून. नेहमीसारखे ईशान्येच्या खांबाशी गेले. हात उचलला आणि थाप मारायच्या ऐवजी तळवा नुसता खांबावर ठेवला.

"ह्यो कोन हाय?" त्यांनी विचारले.

मला वाटले, दिसत नाही म्हणून माणसाबद्दल विचारत आहेत. "मी आहे नाना," मी म्हटले.

"तुमाला नाय इचारलं, बाई."

त्यांनी हाताने चाचपत पूर्ण फेरी घातली. मग पायऱ्यांवर जाऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शेवटी म्हणाले, "समदे परक्या घरात उभे हायत."

दुसऱ्या दिवशी पाटणकर साहेब आले. साहेब वाईट माणूस नव्हे, पण वरच्या अधिकाऱ्यांना त्यांनी काम वेळेत होईल असे कळवून टाकले होते. "मिस्त्री, अहो डोळ्याला पट्टी. तुम्हाला काय दिसतंय त्यातून?"

"डोळ्यानं कोन बघतंय साहेब. हात आना इकडं."

नानांनी साहेबांचा हात मनगटाशी धरला आणि मागच्या रांगेत, भिंतीला लागून असलेल्या खांबावर खांद्याच्या उंचीला ठेवला. तिथे लाकूड काचेसारखे गुळगुळीत होते.

"दोनशे वर्सं मानसं नदीकडं बघत हितं खांदा टेकवीत आली, तवा ही झिलई चढली. आता तुमीच सांगा, भितीजवळ हुबं ऱ्हाऊन कोन काय बघत व्हतं?"

साहेबांनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी समोरचा, नदीकडचा खांब त्याच उंचीला चाचपला. तो खरखरीत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "चिठ्ठ्या कोणी बांधल्या?"

माझ्या हातात वही होती. त्यात तिसऱ्या ओळीपुढे खूण होती. मी तोंड उघडले.

"म्या बांधल्या," नाना म्हणाले. "माझ्याच हातानं. माझीच चूक झाली."

मी तोंड मिटले. साहेबांनी फाइलवर शेरा लिहिला: 'सुताराच्या चुकीमुळे क्रम बदलला. दुरुस्तीस मान्यता. दहा दिवस.'

साहेबांची जीप गेल्यावर सोमा म्हणाला, "नाना, तुमी तं लय मोठे धर्मराज."

"गप रं. बाईची नोकरी आत्ता लागली. मला कोन काढनार? मी जलमाचाच निवृत्ती."

ते दोघे हसले. मी चहा सांगायला म्हणून मागच्या अंगणात गेले आणि चहा न सांगताच परत आले.

दहा दिवस नाना सोप्याबाहेर दगडावर बसून काम करवून घेत होते. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती. छताच्या फळ्या चढल्या नव्हत्या म्हणून बरे, नाहीतर तुळयांवर भार आल्यावर काहीच हलवता आले नसते. एकेक खांब सुटत होता आणि आपल्या जागी जात होता. नाना दुरून आवाजावरून सांगत, "अजून नाय. अजून नाय. हां, बसलं." दहा खांब असे बसले.

राहिले दोन. नदीकडच्या आग्नेय कोपऱ्यातला खांब, त्यांच्या मोजणीतला चौथा, हा ईशान्येला नेऊन उभा केला होता. तिथे तो उंच पडला म्हणून कंत्राटदाराच्या माणसांनी त्याचा पाय तीन बोटे कापला होता. आता तो स्वतःच्या जागी बुटका पडत होता. नानांनी कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. त्या सगळ्या काळात मी त्यांना तेवढ्या एकदाच चिडलेले पाहिले.

"मानसाचा पाय कापताना निदान इचारत्यात तरी," ते म्हणाले.

पुन्हा नवे लाकूड मागवायला वेळ नव्हता. चौथा खांब ईशान्येला नेमका बसत होता, म्हणून तो तिथेच राहिला. आणि ईशान्येचा मूळ खांब, नानांचा पहिला, आग्नेयेला गेला. त्याच्या तळाशी तीन बोटांची काळ्या दगडाची चीप घातली. ती चीप नानांनी स्वतः घासली. वाकायची बंदी मोडून.

छत चढले, पाऊस आला, काम संपले. 'सर्व खांब मूळ स्थानी पुनर्स्थापित' असा दाखला फाइलला लागला. निरोपाच्या दिवशी मी नानांना म्हटले, "मी साहेबांना सांगणार आहे. चूक माझी होती. मी ताडून पाहिलं नाही."

"ते सांगा नायतर नका सांगू," नाना म्हणाले. "त्यानं माझं काय बिघडत नाय. पन खांबाचं लिवा. पैला आन चौथा. नकाशात लिवा. म्या जाईन, तुमची बदली व्हईल, सोमा बी जाईल. मागं कागद ऱ्हाईल. उद्याचा सुतार तुमचा कागद बघून हात लावील. त्याला काय ठावं? तो चीप काढून फेकील आन चौथ्याला अजून कापील."

मी वहीत लिहिले: 'कोठी, खांब १ व ४, नकाशात दुरुस्तीचे टिपण.' पुढे चौकट काढली.

टिपण दोन ओळींचे आहे. पण नकाशात बदल करायचा तर कारण द्यावे लागते, आणि कारण लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात तिसऱ्या चौकटीतली खूण येते. आधी साहेबांची बढती व्हायची होती, ती होऊ दे म्हटले. मग माझी मालेगावला बदली झाली. दर जानेवारीत मी जुन्या वहीतली राहिलेली कामे नव्या वहीत उतरवते. गॅसचे पुस्तक, आईचा चष्मा, विम्याचे कागद. ती कामे होत गेली. कोठीची ओळ उतरत राहिली.

नानांना शेवटचे पाहिले ते २००५च्या फेब्रुवारीत. नाशिकला परत आल्यावर एका रविवारी मुद्दाम गेले. सोमाचे केस पिकले होते. नाना रोज येतात, तो म्हणाला, काम नसले तरी. थोड्याच वेळात ते आले, नातीचा हात धरून. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला सावल्या दिसत. फाटकाशी त्यांनी नातीचा हात सोडला.

मी हाक मारणार होते, पण थांबले. ते ईशान्येच्या खांबाकडे गेले नाहीत. त्याला ओलांडून, हाताने हवा चाचपत, सरळ आग्नेयेला गेले. खाली बसून दगडी चीप बोटांनी तपासली. उठून खांबावर थाप मारली. आणि फेरी तिथून सुरू केली. माझ्यापाशी आले तेव्हा पावलांचा आवाज ऐकून थांबले.

"कोन?"

"मी, नाना. याद्यावाली."

"आरं वा!" त्यांचा चेहरा उजळला. मुलाबाळांची चौकशी केली, मालेगावचे ऊन कसे काय सोसले ते विचारले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "खांबाचं लिवलं ना बाई?"

"लिहिते नाना."

ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, क्षणभर बघत राहिले. "लिवा," म्हणाले आणि राहिलेली फेरी पुरी करायला गेले. खांब उजव्या हाताला, प्रत्येकाला बोटे लावत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ते गेल्याचे सोमाने फोनवर कळवले.

आता कोठीचे काम पुन्हा निघाले आहे. छताला गळती आहे, खांब उतरवावे लागतील. कार्यालयात नवा अभियंता आला आहे, नीटनेटका मुलगा. काल त्याने माझ्याकडून नकाशाची प्रत मागून नेली. म्हणाला, "मॅडम, तुमचा नकाशा असल्यावर काही प्रश्नच नाही. आग्नेयेच्या खांबाखाली कुणीतरी दगड घातलाय, तो काढून टाकतो. मुळात नाहीये तो."

टिपण मी रात्रीच लिहून काढले. दोन ओळी खांबांच्या, आणि तिसरी ओळ चिठ्ठ्या कोणी ताडायच्या होत्या त्याची. काम सोमवारी सुरू होणार आहे. कागद समोर आहे, वही त्याच्या शेजारी उघडी आहे. सही राहिली आहे.